गोलरक्षक की किकर?
जॉश लॅम्बोनं दोन्ही करून पाहिलं. २००८ मध्ये एफसी डॅलस या अमेरिकेतल्या सॉकर क्लबनं त्याला गोलरक्षक म्हणून घेतलं, पण मुख्य संघातून खेळायची पाळीच आली नाही. विशी ओलांडल्यावर तो टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर झाला, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू.

सॉकरचा गोल ७.३२ मीटर रुंद, चेंडू दांड्याखालून. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन खांबांत ५.६४ मीटर, आणि चेंडू दांड्यावरून! गोलरक्षकानं नव्वद मिनिटं डोळ्यांत तेल घालायचं. किकरनं कडेला बसून राहायचं, मग जेमतेम सव्वा सेकंदात लाथ मारायची, तीही अंगावर धावून येणाऱ्यांसमोर.

सॉकरमधून अमेरिकन फुटबॉलमध्ये उशिरा येणाऱ्याला मला किकरचीच जागा बरी वाटते. पाय आधीच तयार असतो. संघाची चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचं तसं नाही, तिथे डावपेच लहानपणापासून अंगात मुरावे लागतात.