लक्षद्वीपचा बनावट परवाना आणि आमचे १,४२,५०० रुपये

लक्षद्वीपच्या सहलीची तयारी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत हा अनुभव पोहोचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आम्ही अडाणी नव्हतो आणि घाईतही नव्हतो. सगळी चौकशी करून, कागदपत्रे जमवून, घरात चार वेळा चर्चा करून आम्ही पैसे भरले होते, आणि तरीही फसलो.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तिथल्या समुद्राची छायाचित्रे सगळीकडे झळकली, आणि तेव्हापासून आमच्या घरी या बेटांचा विषय निघू लागला. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही ठरवले की आईची सत्तरी तिथेच साजरी करायची. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाच जण जाणार होतो. मोबाइलवर एक जाहिरात दिसली. तिच्यात निळ्याशार खाजणाचे छायाचित्र होते आणि खाली 'सरकारमान्य' असा शब्द होता. त्या क्रमांकावर मी स्वतः फोन केला.

फोनवरचा माणूस शुद्ध मराठीत, अत्यंत आदराने बोलला. आईला समुद्र लागतो का, तिला जहाजाचा जिना चढता येईल का, हे त्याने आपणहून विचारले. त्याने सांगितलेली माहिती मी नंतर पडताळून पाहिली आणि ती अचूक निघाली. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत आणि वस्ती त्यांपैकी दहांवरच आहे. १९६७ च्या नियमांमुळे भारतीय नागरिकांनाही तिथे प्रवेश परवाना लागतो. बंगाराम सोडल्यास दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडासुद्धा बरोबर आणता येत नाही. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे दाखवणाऱ्या 'समुद्रम' या जहाज सहलीची त्याने नीट ओळख करून दिली, रात्री जहाजावरच राहायचे आणि दिवसा बेटांवर उतरायचे हेही समजावले. ही सहल खरी आहे आणि लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेमार्फत ती चालते. त्याच्या बोलण्यात खोटी होती ती एकच गोष्ट: आमची नावे त्या सहलीत नोंदवली गेली आहेत, ही.

आमचा विश्वास पक्का बसला तो चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रामुळे. परवान्यासाठी ते लागतेच, तेव्हा प्रत्येक मोठ्या माणसाचे प्रमाणपत्र काढून पाठवा, असे त्याने सांगितले. आम्ही रीतसर अर्ज केले, शुल्क भरले, पोलीस ठाण्यात जाऊन आलो. गुडघेदुखी असलेल्या आईला मी रिक्षाने नेले आणि ती बाकावर पाऊण तास बसून राहिली. ज्या कामासाठी आपण पोलीस ठाण्याची पायरी चढलो ते काम खोटे असेल, ही शंका मनात येणेच शक्य नव्हते. आज मला वाटते की त्या माणसाला प्रमाणपत्रांची गरज नव्हती. आमच्या हातून खरी खटपट करून घेणे, हाच त्याचा डाव होता.

पैसे तीन हप्त्यांत गेले. प्रथम २५,००० रुपये, मग ६०,०००, आणि परवाना आल्यावर उरलेले ५७,५००. पहिल्याच वेळी यूपीआयच्या पडद्यावर संस्थेच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव उमटले. माझ्या यजमानांनी ते लगेच बोलून दाखवले. लेखापरीक्षणामुळे चालू खाते बंद आहे, हे आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, पावती मात्र संस्थेच्याच नावे मिळेल, असे उत्तर आले आणि दहा मिनिटांत शिक्का असलेली पावतीही आली. पैसे पाठवण्यापूर्वी बँकेत नोंदलेले नाव आपल्याला दिसते, ते नेमके याचसाठी दिसते. आम्ही ते पाहिले आणि तरीही पुढचे बटण दाबले. याची रुखरुख अजून जात नाही.

परवाना पीडीएफ स्वरूपात आला. वर राजमुद्रा, प्रत्येकाचे छायाचित्र, नाव, वय, परवाना क्रमांक आणि कोपऱ्यात क्यूआर कोड होता. मुलाने कोड स्कॅन केला तेव्हा एक पान उघडले आणि त्यावर हिरव्या अक्षरांत 'वैध' असे आले. तेवढ्यावर आमचे समाधान झाले. त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांना असते तसे 'जीओव्ही डॉट इन' नव्हते, साधे 'डॉट कॉम' होते, हे आमच्यापैकी कोणीही वाचले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नेत्रावती एक्सप्रेसने आम्ही एर्नाकुलमला पोहोचलो, रात्र लॉजवर काढली आणि सकाळी कोचीतल्याच विलिंग्डन बेटावरच्या प्रवासी टर्मिनलवर गेलो. जहाज खरोखरच धक्क्याला लागलेले होते. लोक सामान घेऊन रांगेत उभे होते. आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या कर्मचाऱ्याने कागदावरच्या क्यूआर कोडकडे पाहिलेही नाही. त्याने परवाना क्रमांक स्वतःच्या संगणकावर घातला, पुन्हा एकदा घातला, मग प्रवाशांच्या छापील यादीवरून बोट फिरवले आणि हिंदीत सावकाश म्हणाला, "माताजी, आप बैठ जाइए।" त्याने हे आईला उद्देशून म्हटले, आणि मला तिथेच सगळे कळले. कागदावरचा कोड कागद छापणाऱ्याच्या मर्जीतल्या पानावरच नेतो. खरी नोंद असते ती प्रशासनाकडे, आणि ती आम्ही मुंबईहून एक फोन करूनही विचारू शकलो असतो. त्या महिन्यात बनावट परवाना घेऊन आलेले आमचे पहिलेच कुटुंब नव्हे, असेही त्याने सांगितले.

तिथूनच आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मात्र शेवटचा हप्ता जाऊन तीन आठवडे उलटले होते. पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येते. आमची रक्कम तोवर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेली होती, आणि बहुतेक रोखीने काढलीही गेली होती. एका खात्यात १८,४०० रुपये सापडले, ते गोठवण्यात आले आणि तेव्हाच्या पद्धतीनुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते मिळणार नव्हते.

पैशांपेक्षा मला कागदपत्रांची काळजी अधिक वाटते. पाच जणांची आधार कार्डे, छायाचित्रे आणि आम्हा तिघांची प्रमाणपत्रे त्या माणसाकडे आहेत. आम्ही सर्वांची आधार बायोमेट्रिक लॉक केली, बँकेला लेखी कळवले, आमच्या नावावर कोणी कर्ज उचलले आहे का हे पाहण्यासाठी क्रेडिट अहवाल मागवला, आणि दर काही महिन्यांनी तो पुन्हा पाहतो. तुमची कागदपत्रे अशी कोणाकडे गेली असतील तर हे आजच करा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

लक्षद्वीपचा परवाना आता प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर स्वतः अर्ज करून काढता येतो. एजंटमार्फतच जायचे असेल, तर नोंदणी झाल्याचे तो सांगेल त्या दिवशी सहल चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात आपले नाव घेऊन विचारा, आणि तो दूरध्वनी क्रमांक सरकारी संकेतस्थळावरून घ्या, एजंटने दिलेला नको. आमच्या एजंटने कोचीच्या 'कार्यालयाचा' क्रमांक दिला होता. मी फोन केला, तेव्हा एका बाईने मल्याळी धाटणीच्या इंग्रजीत आमची नावे बिनचूक वाचून दाखवली होती.

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेला सोसायटीच्या गटात एक जाहिरात दिसली. तेच निळे खाजण, तोच 'सरकारमान्य' शब्द, नाव आणि मोबाइल क्रमांक मात्र नवे. तिने स्क्रीनशॉट मला पाठवला आणि मी तो त्याच दिवशी आमच्या तक्रारीला जोडून तपास अधिकाऱ्यांकडे दिला.