जीटीएक्स १०५० टीआयच्या जागी आरएक्स ६६०० : बेताच्या पैशांतल्या बदलाचे आठ महिने

माझ्या डेस्कटॉपमध्ये कोअर आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होते. २०१६ साली बाजारात आलेले हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागवणारे, वेगळी वीजजोडणी न मागणारे आणि कानाला जवळजवळ न जाणवणारे होते, त्यामुळे ते काढण्याची मला घाई नव्हती. अडचण झाली ती त्याच्या ४ जीबी मेमरीची. फोनवर टिपलेल्या ४के चित्रफिती संपादित करताना दोन-तीन इफेक्ट एकावर एक चढवले की ग्राफिक्स मेमरी भरल्याची सूचना येई आणि प्रिव्ह्यू जागच्या जागी थांबे. गेममध्ये तर टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रे, सर्वांत खालच्या पातळीवर आणूनही काही ठिकाणी भिंती आणि रस्ते क्षणभर चिखलासारखे दिसून मग स्पष्ट होत.

नवे कार्ड घ्यायचे ठरले तेव्हा नजर १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर होती आणि जमवलेली रक्कम ओढूनताणून तिथपर्यंत पोचतही होती. त्या रविवारी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, कागद नीट वाचला आणि बेत बदलला. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते. खाली बारीक टाइपात १२ व्होल्टच्या ओळीवर मात्र १८ अँपिअर एवढाच आकडा होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवरच भागते, आणि १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १७० वॅटचे कार्ड यांची नुसती बेरीजच त्यापुढे जाते. शिवाय अशा कार्डाला सहसा लागणारा ८ पिनचा प्लगच या एसएमपीएसला नव्हता. ६ पिनचा एक होता, आणि त्यातून नियमाने ७५ वॅटच घ्यायचे असतात. जुन्या मोलेक्स (चार पिनच्या) वायरींपासून ८ पिन तयार करून देणारे जोडतुकडे मिळतात, पण त्यांनी प्लगचा आकार बदलतो, एसएमपीएसची कुवत वाढत नाही. म्हणून एकूण रकमेचा साधारण चौथा हिस्सा ५५० वॅटच्या, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाच्या एसएमपीएससाठी बाजूला काढला आणि उरलेल्या पैशांत बसणारे कार्ड शोधू लागलो.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होते, पण ते पुन्हा ४ जीबीचेच. त्यातही ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन वापरते. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते एक वेळ खपून जाते, माझ्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र तोच रस्ता निम्म्या वेगाचा होतो आणि मेमरी कमी असल्यामुळे नेमकी त्याच रस्त्यावर वर्दळ वाढते. भरीस भर म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार चित्रफीत झटपट साठवून देणारा भाग, दिलेलाच नाही, म्हणजे माझ्या संपादनाच्या कामाला ते निरुपयोगी. वापरलेले आरएक्स ५८० देखील पाहिले. इथिरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारी मायनिंगची (नाणी कमावण्याची) पद्धत सोडल्यापासून अशी कार्डे ढिगाने विक्रीला आली, आणि त्यांतली काही '२०४८ एसपी' जातीची, म्हणजे नावाने ५८० पण ताकदीने ५७० असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ एसपी, म्हणजे कार्डातले छोटे स्ट्रीम प्रोसेसर, असतात. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून हा आकडा पाहू देणारा विक्रेता मला भेटला नाही, आणि १८५ वॅट खाणारे जुने कार्ड विनावॉरंटी घेण्याइतका मी धाडसी नाही.

शेवटी रेडिऑन आरएक्स ६६०० घेतले. ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी, १३२ वॅट आणि ८ पिनचा एकच प्लग हे तीन मुद्दे माझ्या हिशेबात चपखल बसले. मेमरीची रुंदी दोन्ही कार्डांत १२८ बिटच आहे, पण जुन्याचा वेग सेकंदाला ११२ जीबी होता, नव्याचा २२४ आहे. हे कार्ड आठ लेनचे आहे. माझ्या बोर्डावर त्याचा थोडाफार तोटा होत असणार, पण ८ जीबी मेमरीमुळे तो मला वापरताना कुठे जाणवलेला नाही.

बसवण्यात जवळजवळ अख्खी दुपार गेली आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याच निष्काळजीपणाचा होता. कार्डाची लांबी मी मोजली होती, पण हार्ड डिस्कचा पिंजरा आणि त्यातून बाहेर आलेल्या वायरी मोजल्या नव्हत्या. पिंजरा काढून डिस्क खाली हलवावी लागली. कार्ड बसल्यावर लक्षात आले की त्याच्या खाली दोन साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची तोंडे, झाकले गेले आहेत. कार्ड पुन्हा काढायचे तर स्लॉटच्या टोकाची खिट्टी कार्डाच्या पंख्यामागे दडलेली, बोट पोचेना. लाकडी फूटपट्टीच्या टोकाने ती अलगद दाबली तेव्हा कुठे कार्ड सुटले. मग काटकोनात वळलेल्या तोंडाची साटा वायर आणेपर्यंत एक डिस्क चार दिवस बंदच राहिली. दुसरी गोष्ट मॉनिटरची: माझ्या जुन्या मॉनिटरला डीव्हीआय आणि व्हीजीए एवढीच तोंडे आहेत, नव्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआयमधून डीव्हीआयला साध्या वायरीने काम भागते, कारण दोन्हींचा चित्रसंकेत एकाच जातीचा असतो. व्हीजीए मॉनिटर असता तर संकेत बदलणारे वेगळे उपकरण लागले असते. जुने ड्रायव्हर मात्र मी सेफ मोडमध्ये जाऊन आधीच पुसले होते, त्यामुळे त्या बाजूने काही कटकट झाली नाही.

पहिले काही आठवडे कौतुकाचे होते. १९२० बाय १०८० वर, जिथे पूर्वी मध्यम सेटिंगला तीस-चाळीस फ्रेम मिळत तिथे वरच्या सेटिंगला साठ मिळू लागल्या, आणि संपादनातली ती मेमरीची सूचना त्यानंतर एकदाही आलेली नाही. तरीही गर्दीच्या शहरांत, बाजारात, लढाईच्या ऐन भरात चित्र मधूनच अडखळायचे. सरासरी साठ दिसायची, पण डोळ्यांना ते साठ वाटत नसे. आकडे पडद्यावर लावून पाहिले तेव्हा नेमक्या त्या क्षणी कार्डाचा वापर ६०-६५ टक्क्यांवर घसरलेला असे, म्हणजे कार्ड मोकळे बसून कोणाची तरी वाट पाहत होते. रेझोल्यूशन ७२० पर्यंत उतरवले तरी त्या जागी फ्रेम वाढल्या नाहीत, तेव्हा गाडे कार्डापाशी अडलेले नाही हे पक्के झाले. मी प्रोसेसर बदलण्याच्या विचाराला लागलो आणि पुढचे दोन महिने त्यासाठी पैसे साठवत बसलो.

दोष निघाला तो त्या एकट्या रॅम पट्टीत. एकच पट्टी असली की प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच वाट मिळते, आणि ८ जीबी तर विंडोज आणि गेम मिळूनच भरून जातात. चौथ्या महिन्यात तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी, २६६६ वेगाची, जोडीच्या स्लॉटमध्ये घातली. सरासरी फ्रेम फार वाढल्या नाहीत, पण अडखळणे बहुतांशी गेले. उरले ते क्वचित, आणि ते सहा कोअरच्या या प्रोसेसरचे वय समजून मी सोडून दिले आहे. एवढ्या सगळ्या उद्योगात सर्वांत कमी पैसे या पट्टीला लागले आणि डोळ्यांना सर्वांत जास्त फरक तिनेच दिला, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

आवाज आणि उष्णता यांबाबत तक्रार नाही, पण ती सोय मला करून घ्यावी लागली. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्ड नव्वद-शंभर फ्रेम काढून उगाच तापत होते. ड्रायव्हरमध्येच ६० ची मर्यादा घातल्यावर सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा वीजवापर शंभर वॅटच्या पुढून सत्तरच्या आसपास आला. मेल-ब्राउझरच्या कामात पंखे पूर्ण थांबतात. कार्डाचे व्होल्टेज उतरवून वीज आणखी वाचवण्याच्या हावेने दोनदा गेम बंद पाडला, तेव्हा एक पायरी मागे येऊन गप्प बसलो.

मर्यादाही आहेत. रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची पद्धत) चालू केले की फ्रेम निम्म्याच्या आसपास येतात, त्यामुळे मी तो पर्याय एकदा पाहून बंद केला तो कायमचाच. ज्यांचे काम कुडा या फक्त एनव्हिडिया कार्डांसाठीच्या प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे त्यांनी हे कार्ड घेऊ नये. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ३.० पासून ओपनसीएल गेले आणि रेडिऑन कार्डांकडून काम करून घेणारे हिप आले, माझे छोटे रेंडर त्यावर नीट होतात, पण त्याच्या जोरावर कोणी धंदा मांडावा असे मी म्हणणार नाही.

जुने १०५० टीआय घरातल्या दुसऱ्या संगणकात गेले आहे. त्या संगणकाचा एसएमपीएसही जुनाच आहे, पण वेगळा प्लग न मागणाऱ्या कार्डाला तिथे काही अडले नाही. २१६ वॅटवाला एसएमपीएस मात्र कोणाला दिला नाही. त्याच्या वायरी कापून तो भंगारात टाकला.