डब्लिनचे चेस्टर बीटी संग्रहालय : धर्मग्रंथ पान म्हणून पाहताना

डब्लिनला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले मराठी आईवडील ट्रिनिटी कॉलेजातले ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलचे जुने सचित्र हस्तलिखित तिकीट काढून आवर्जून पाहतात, पण तेथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, डब्लिन कॅसलच्या बागेला लागून असलेल्या चेस्टर बीटी संग्रहालयात क्वचितच कोणी जाताना दिसते. जगातल्या अनेक धर्मांचे मूळ ग्रंथ इतक्या जुन्या आणि इतक्या निरनिराळ्या हस्तलिखितांमधून एका छताखाली, तेही विनामूल्य, पाहण्याची सोय फार थोड्या शहरांत असेल. मी तेथे आतापर्यंत पाच वेळा गेले, त्यातल्या दोन वेळा आईला घेऊन, आणि ज्यांना धर्म हा विषय मनापासून जाणून घ्यावासा वाटतो त्यांनी अर्धा दिवस राखून तेथे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहाचा कर्ता अल्फ्रेड चेस्टर बीटी (1875–1968) हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला खाणउद्योजक. खाणींच्या व्यवसायात मिळवलेल्या पैशातून त्याने ईजिप्तपासून जपानपर्यंतची हस्तलिखिते जमवली, लंडनचा मुक्काम हलवून तो 1950 मध्ये डब्लिनला आला आणि मृत्यूनंतर हा संग्रह लोकांसाठी राहील अशी तजवीज त्याने करून ठेवली. सन 2000 पासून संग्रहालय कॅसलच्या क्लॉक टॉवर इमारतीत आहे आणि 2002 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम युरोपीय संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. हे सारे एका माणसाच्या आवडीतून उभे राहिले आहे, ही गोष्ट आत शिरताना लक्षात ठेवावी. काय आहे आणि काय नाही, या दोन्हींचा उलगडा त्यातूनच होतो.

धर्मपरंपरांचे दालन दुसऱ्या मजल्यावर आहे. ख्रिस्ती, इस्लाम आणि बौद्ध या तीन धर्मांना तेथे मोठी जागा आहे, तर कन्फ्यूशियस आणि ताओ यांच्या परंपरा, शीख धर्म व जैन धर्म यांची मांडणी आटोपशीर आहे. जुन्या शाईला आणि रंगांना प्रकाशाचा त्रास होऊ नये म्हणून दिवे मंद ठेवलेले आहेत. डोळे त्या उजेडाला सरावेपर्यंत घाई न करता उभे राहावे.

ख्रिस्ती विभागातील पपायरसची, म्हणजे ईजिप्तमधील लव्हाळ्यापासून बनवलेल्या जुन्या कागदाची, पाने हा या संग्रहाचा मुकुटमणी आहे. पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांची जी प्रत अभ्यासक ‘पी 46’ या क्रमांकाने ओळखतात, ती इसवी सन 200 च्या सुमाराची मानली जाते. मूळच्या 104 पानांपैकी 86 पाने उरली आहेत, त्यांतील 56 डब्लिनमध्ये आणि 30 अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आहेत. ही प्रत गुंडाळी नसून पुस्तक आहे. त्या काळी ग्रीक साहित्य सर्रास गुंडाळीवर लिहिले जात असताना ख्रिस्ती मंडळींनी मात्र आपल्या धर्मग्रंथांसाठी पुस्तकाचा आकार फार लवकर जवळ केला. बांधणीही पाहण्यासारखी आहे : आपल्याकडे जुजबंदीत लहान लहान जुडग्या शिवतात, तसे येथे नाही. सगळे पपायरस एकावर एक रचून मधोमध एकदाच दुमडलेले आहेत, त्यामुळे लिहायला बसण्यापूर्वीच किती पाने लागतील याचा अंदाज बांधावा लागे. या लेखकाचा अंदाज चुकला. अर्धे पुस्तक लिहून झाल्यावर जागा पुरणार नाही हे त्याच्या ध्यानात आले असावे, कारण पुढच्या पानांवर ओळींची संख्या वाढत जाते आणि लिखाण दाट होत जाते. देववाणी उतरवून घेणारा तो माणूस उरलेली पाने मोजत बसला असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

श्रद्धेच्या दृष्टीनेही या पानांत पुष्कळ काही वाचता येते. आजच्या बायबलमध्ये ‘इब्री लोकांस पत्र’ पौलाच्या सर्व पत्रांच्या शेवटी येते, पण या प्रतीत ते ‘रोमकरांस पत्रा’च्या लगेच मागे आहे, म्हणजे त्या काळी पत्रांचा क्रम अजून एक झालेला नव्हता. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द पूर्ण लिहिलेले नाहीत, दोन-तीन अक्षरांचा संक्षेप करून त्यावर आडवी रेघ ओढलेली आहे. ग्रीक येत नसले तरी ही रेघ शोधता येते आणि एकदा सापडली की प्रत्येक पानावर दिसू लागते. शेजारची ‘पी 45’ ही तिसऱ्या शतकातील प्रत चारही शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, आणि प्रेषितांची कृत्ये एकाच पुस्तकात बांधते. चार साक्षी मिळून एकच वृत्तांत तयार करण्याऐवजी त्या चारही जशाच्या तशा शेजारी शेजारी ठेवायच्या, हा ख्रिस्ती परंपरेचा निर्णय येथे बांधणीतच दिसतो.

इस्लामच्या विभागाकडे वळताना मात्र दृष्टी बदलावी लागते. कुराण या शब्दाच्या अर्थातच पठण आहे. 114 सुरांचा (अध्यायांचा) हा ग्रंथ आधी कानांनी ऐकायचा आणि मुखोद्गत करायचा आहे, लिखित प्रत त्या पठणाला आधार म्हणून येते. या संग्रहातले सर्वांत मोलाचे कुराण इब्न अल-बव्वाब या सुलेखनकाराने बगदादमध्ये हिजरी 391 मध्ये, म्हणजे इसवी सन 1000–01 च्या सुमारास लिहिले. त्याने 64 कुराणे लिहिली असे परंपरा सांगते, त्यांतली त्याच्या हातची म्हणून मानली जाणारी ही एकच शिल्लक आहे. राजदरबारी भव्य प्रतीची अपेक्षा ठेवून गेलेल्या माणसाला तिचा आकार पाहून आश्चर्य वाटेल, कारण ती हाताच्या पंजाहून फारशी मोठी नाही. जुन्या कुफी लिपीतील कोनदार अक्षरांऐवजी गोल वळणाचे, सहज वाचता येईल असे अक्षर, आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकसारखे. ग्रंथाच्या पानांवर सुरा, आयती (वचने), शब्द आणि अक्षरे यांची मोजदाद सजवून दिलेली आहे. आपल्याकडे अनुक्रमणीकारांनी ऋग्वेदाच्या ऋचा, पदे आणि अक्षरे मोजून ठेवली त्याची मला आठवण झाली. जे वचन पवित्र मानले त्यातले एक अक्षरही ढळू नये, ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे.

आईला मात्र या दोन्ही विभागांपेक्षा बौद्ध आणि जैन हस्तलिखितांनी धरून ठेवले. ती गेली चाळीस वर्षे गुरुचरित्राचे पारायण करते. आडव्या, लांबट, सुट्या पानांसमोर ती थांबली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली पोथी.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ताडपत्र मुळातच अरुंद आणि लांब असते. त्याला छिद्र पाडून दोरी ओवत आणि वर-खाली फळ्या लावून बांधत. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी हेच बांधणे, गुंफणे आहे. पुढे जैन लेखक कागदावर लिहू लागले, दोरीची गरज संपली, तरी त्यांनी पानाचा आकार तोच ठेवला आणि जेथे छिद्र असायचे तेथे मजकुरात जागा सोडून लाल ठिपका रंगवला. त्या ठिपक्याकडे आई बराच वेळ पाहत होती. आज छापखान्यात निघणारी आपली पोथीही आडवीच असते, याचे कारण तिला त्या काचेपाशी उभे राहून कळले.

बौद्धांची त्रिपिटके पिढ्यान् पिढ्या भिक्षूंच्या मुखात राहिली आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून काढली गेली, असे परंपरा सांगते. ग्रंथाची प्रत करणे आणि करवून घेणे हे पुण्यकर्म मानले गेल्यामुळे ब्रह्मदेश आणि थायलंडमधील घडीच्या पोथ्यांत चित्रांचीही रेलचेल आहे. शीख परंपरेचे दालन लहान आहे, तरी मराठी माणसाने तेथे थांबावे. 1430 पानांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत आणि 1708 पासून शिखांसाठी तो ग्रंथच गुरूच्या स्थानी आहे.

आता या संग्रहाच्या मर्यादेबद्दल. हिंदू ग्रंथ पाहायचे म्हणून कोणी गेले तर फारसे काही हाती लागणार नाही. बीटीच्या मनात भारत भरला तो प्रामुख्याने मोगल चित्रांमधून. संग्रहात 1602 ची योगवासिष्ठाची सचित्र प्रत आहे, पण ती फारसी भाषांतराची. आणि ज्या समाजांनी आपली श्रद्धा कधी लिहिलीच नाही, ते ग्रंथांच्या संग्रहालयात कसे येणार? सुमात्रातील बटाक लोकांच्या दातू म्हणवणाऱ्या पुरोहितांनी झाडाच्या सालीवर लिहिलेल्या घडीच्या पोथ्या संग्रहात आहेत, हा एक मोलाचा अपवाद. परंतु वारली लग्नात भिंतीवर रंगवलेल्या देवचौकासमोर धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, जे गाते तेही त्या समाजाचे धर्मवचनच आहे, आणि ते काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. भिंतीवर ‘पवित्र ग्रंथ’ हे शब्द वाचताना हा विचार सोबत असू द्यावा.

मला स्वतःला सर्वांत खोलवर लागलेली गोष्ट संग्रहातील मानीपंथाची, कॉप्टिक या ईजिप्तच्या जुन्या भाषेतील हस्तलिखिते. तिसऱ्या शतकातील मानीने आपली शिकवण शिष्यांवर न सोपवता स्वतःच ग्रंथ लिहिले, जेणेकरून पुढे वाद होऊ नयेत आणि भेसळ होऊ नये. प्रकाश आणि अंधार यांच्या झगड्याची त्याची शिकवण रोमन साम्राज्यापासून चीनपर्यंत पोहोचली, तरीही तो धर्म लयाला गेला. ईजिप्तमधील मदीनत मादी येथे विसाव्या शतकात सापडलेली मानीपंथी स्तोत्रांची पाने कुजून एकमेकांना चिकटलेली होती. ती एकेक सोडवून काचेत बसवावी लागली. ज्यांनी ती स्तोत्रे गायची, त्यांच्यातला कोणीही आज उरलेला नाही.

शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे, म्हणजे एकेका पेटीपाशी निवांत उभे राहता येते. हस्तलिखितांची उघडी पाने आणि काही वस्तू अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादी विशिष्ट प्रत पाहायची असेल तर आधी चौकशी करावी. माहितीच्या पाट्या इंग्रजीत असून सोप्या आहेत, पण वडीलधाऱ्यांसाठी त्या मंद उजेडात कोणीतरी वाचून दाखवावे. तळमजल्यावर उपाहारगृह आहे, गच्चीवर बाग आहे, मधे विसावता येते. वाचायचा चष्मा अवश्य न्यावा. आईचा पहिल्या वेळी घरी राहिला होता, आणि तो लाल ठिपका नीट पाहता यावा म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो.