नेपियर लावू का बांबू? दोन्ही एकेक एकर करून बघितलेल्याचं मत

मागच्या दोन महिन्यात चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारला, एनर्जी पीक म्हणून, म्हणजे इंधनासाठी, एक-दोन एकर अडकवायचेत तर बायोगॅसच्या प्लांटसाठी नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावावं का कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळायला बांबू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझं शेत लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. 2020 च्या पावसाळ्यात एक एकर बांबू लावला आणि 2022 ला एक एकर नेपियर. लागवडीचं अंतर, खताचे डोस हे सगळं कुठंही मिळतं, ते परत उगाळत नाही. ज्यांना अजून वाटतं की बांबू म्हणजे झाड, त्यांच्यासाठी एवढंच की तोही गवतच आहे, आणि 2017 ला वनाबाहेरच्या बांबूला कायद्यानंही झाडांच्या यादीतून काढलंय. आमच्या बाजूला बांबूचा प्रचार करणाऱ्या लोदग्याच्या पाशा पटेलांमुळे हे शेंबड्या पोरालाही माहितीय म्हणा.

आधी नेपियरचं बोलतो, कारण त्यात खरंच दम आहे आणि मी काही त्याचा दुश्मन नाही. सोयाबीनवाल्याला वर्षातून एकदा पैसा दिसतो, त्याला हे पीक म्हणजे पगारच वाटतो. अडीच महिन्यात पहिली कापणी, मग पाणी असेल तर दर 45-50 दिवसाला पुढची. एकदा कांड्या लावल्या की चार-पाच वर्षं परत बेण्याचा खर्च नाही. रोग-किडीचा ताप जवळजवळ नाहीच. 2018 ला केंद्राची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना आल्यापासून तेल कंपन्या कॉम्प्रेस्ड बायोगॅस विकत घेतात, त्यामुळं प्लांटवाले गवत शोधत फिरतात हेही खरंय, माझ्याकडं तर ते स्वतः आले होते, टनाला हजार रुपये, कापणी आमची, गाडी त्यांची. माझ्या एकरात चांगल्या कापणीला नऊ-दहा टन निघायचं. एकरी दोनशे टनाचे व्हिडिओ मीही बघितलेत, ते शेत कुठंय कुणी दाखवलं तर चहा माझ्याकडून. हिशोब कागदावर मस्त होता आणि पहिले तीन हप्ते पैसेही वेळेवर आले, खोटं कशाला बोलू.

मग ती जुलैतली कापणी आली. प्लांटवरून फोन, उद्या गाडी पाठवतो, कापून ठेवा. आठ बायका आणि दोन गडी लावले, नेपियर कापणं म्हणजे काय ते कापलेल्यालाच कळतं, पानाची धार हाताला लागते, मानेवर कूस पडते आणि खाजवून जीव जातो, त्यामुळं उसापेक्षा जास्त मजुरी मागतात आणि बरोबरच मागतात. संध्याकाळपर्यंत दहा-एक टनाचा ढीग बांधावर. दुसऱ्या दिवशी गाडी नाही. फोन केला तर टाकीचं काहीतरी काम निघालंय, परवा नक्की. परवा पाऊस, गाडी डांबरीवरच थांबली, आत यायला तयार नाही आणि तसंही त्या काळ्या रानात ती रुतलीच असती. चौथ्या दिवशी सकाळी ढिगात हात घातला तर कोपरापर्यंत गरम, वाफ निघत होती राव, आणि वास आंबलेल्या ताकासारखा. वरचा हिरवा थर म्हशींपुढं टाकला, खालच्याला त्यांनी नुसतं हुंगून तोंड फिरवलं. शेवटी गाडी आली तेव्हा सुपरवायझरनं पाव वजन कापलं, माल खराब आहे म्हणून. माल खराब झाला कुणामुळं, हे विचारायची सोय नव्हती.

ते एकदाचं असतं तर सोडून दिलं असतं. पण तेवढ्या दिवसात राहिलेल्या तुकड्यातलं गवत वाढतच होतं ना! नेपियरला थांब म्हणता येत नाही. प्लांट बंद असो, लग्नसराई असो, लाईट नसो, त्याला 50 दिवस झाले की ते कापायलाच लागतं, 80 दिवसाला त्याची काडी उसासारखी टणक होते आणि मग तेच लोक म्हणतात काडी फार आहे, गॅस कमी पडतो. म्हणजे शेत माझं पण कॅलेंडर दुसऱ्याचं. माझ्यासाठी निकाल इथंच लागला. दर, टनेज, अनुदान वगैरे सगळं नंतरचं. दुसरं असं की ताज्या नेपियरच्या दहा टनात आठ टनाच्या आसपास नुसतं पाणी असतं, म्हणजे मी लातूर जिल्ह्यातून पाणी भरून 28 किलोमीटर पाठवत होतो. ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथून! पटतंय का बघा. उन्हाळ्यात त्याला आठ-दहा दिवसाला पाण्याची पाळी द्यावीच लागते, नाहीतर कापणी पुढं जाते, आणि प्रत्येक कापणीनंतर खत मागतं ते वेगळंच. प्लांटची स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ चोथा, परत मिळाली तर खताचा भार हलका होतो, मला दोनदाच मिळाली.

बांबूचं रडगाणं वेगळं आहे, तेही ऐका. तीन वर्षं काहीही नाही, नुसतं घालत राहायचं. 250 रोपं लावली होती, पहिल्या उन्हाळ्यात 31 गेली, थोडी वाळवीनं, बाकीची शेळ्यांनी. पावसाळ्यात कोवळे कोंब आले की रानडुकरं हजर. बांधाला धरून लावला म्हणून चुलतभाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही, त्याच्या तुरीवर सावली पडते म्हणतो, आणि त्याचं चूक नाही, बांधापासून चांगलं दहा-बारा फूट आत लावायला हवा होता. उन्हाळ्यात खाली पाचोळ्याचा जाड थर असतो, कुणी बिडी टाकली तर संपलं. फुलोऱ्याची भीती लोक घालतात, तो काही जातींना काही दशकांनी एकदाच येतो आणि मग बेट वाळतं, माझ्या हयातीत बहुतेक नाही येणार, पण रोपं किती जुन्या बेटाची आहेत कुणाला माहीत. आणि एकदा लावला की जमीन अडकली, काढायचा तर जेसीबीच लागतो. बटईच्या रानात चुकूनसुद्धा लावू नका.

पण पहिली तोड 2024 ला झाली तेव्हाचं सांगतो. गुळाच्या कारखान्याचा माणूस येऊन बघून गेला, पंधरा दिवसात येतो म्हणाला. आला दिवाळी झाल्यावर, दोन महिन्यांनी. मधल्या काळात मी काय केलं? काही नाही. एकदोनदा चक्कर मारून आलो. बांबू जिथं होता तिथंच होता, उलट नवे कोंब अजून थोडे टणक झाले. तोडलेला बांधाला टेकवून ठेवला तर आपोआप वाळतो, हलका होतो, सडत नाही. दर कमी सांगितला तर नको म्हणायची हिंमत येते, नेपियरला ती येत नव्हती. युरोपात मिसकँथस नावाचं उंच गवत लावतात, ते थंडीत वाळू देऊन वर्षातून एकदाच कापतात, तोपर्यंत पानातलं अन्न बरंचसं मुळात परत गेलेलं असतं, म्हणून खतही कमी लागतं. मला त्यांचा तो हिशोब जास्त शहाणपणाचा वाटतो, आणि आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारा बांबूच आहे, त्याचाही पाला शेतातच पडतो. शिवाय 2021 ला ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के बायोमास, म्हणजे शेतातला जळाऊ माल, मिसळायला सांगितलं होतं, म्हणजे गिऱ्हाईक एकच राहणार नाही अशी आशा आहे. आशाच म्हणतो, कारण आमच्यापर्यंत अजून त्यातलं कुणी आलेलं नाही.

आता तुमचं माझ्यासारखंच असेल असं नाही. प्लांट पाच-सात किलोमीटरवर असेल, कापणी मशीननं होत असेल, बोअर बारमाही असेल आणि गाडीची तारीख चुकली तर नुकसान कुणाचं हे ते कागदावर लिहून देत असतील, तर नेपियर लावा, पैसा लवकर दिसतो हे मी नाकारत नाही. दावणीला पाच-दहा जनावरं असतील तर गाडी नाही आली तरी निम्मा माल जिरतो. यातलं एखादंच जुळत असेल तर मात्र मी म्हणेन जरा थांबा.

माझ्यापुरतं, मी या मे महिन्यात नेपियर मोडलं, म्हशींपुरते दहा गुंठे ठेवले. ठोंबं नांगरून वर काढली तरी पहिल्या पावसात निम्मी परत फुटली, अजून उपटतोय. मोकळ्या झालेल्या 30 गुंठ्यात बांबूच लावतोय, बांधापासून बारा फूट सोडून, आणि रोपं यावेळी नर्सरीवाल्याकडून जात पावतीवर लिहून घेतली.