भिंती मोजल्या, माणसं मोजायची राहिली: स्वयंपाकघर नव्याने करून घेतल्याचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं. आराखड्यापासून शेवटच्या बिजागरीपर्यंत सगळं काम एकाच कंपनीकडे होतं. पाचपैकी साडेतीन तारे देते आहे. सुतारकामाला आणि दगडाच्या कामाला पूर्ण पाच, वायरिंगला चार, आराखड्याला दोन आणि चिमणीच्या पाइपाला एक. असं काम काढायच्या बेतात जे कोणी असतील, त्यांनी सही करण्याआधी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या भेटीला डिझायनर लेझर घेऊन आली. वीस मिनिटांत चारही भिंती मोजून झाल्या आणि आठवडाभरात थ्री-डी चित्र हातात आलं. चित्र देखणं होतं. मोकळा ओटा आणि त्यावर एक फुलदाणी. मिक्सर नाही, केटल नाही, भांडी निथळायची जाळी नाही, कचऱ्याचा डबा तर अख्ख्या चित्रात कुठेच नाही. आम्ही दोघं सही करणार, तेवढ्यात सासूबाईंनी चित्र जवळ ओढून विचारलं, "उतरवलेलं गरम भांडं ठेवायचं कुठे?" शेगडी एका बाजूने भिंतीला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला लगेच फ्रिज. शेगडीच्या एका बाजूला निदान १२ इंच आणि दुसऱ्या बाजूला १५ इंच ओटा मोकळा लागतो, हे मी नंतर वाचलं. आईंना ते न वाचता कळलं होतं. चित्र परत पाठवलं आणि तिथून पुढे प्रत्येक रेघ तपासायची सवय लागली.

त्या पहिल्या भेटीत डिझायनरने एकदाही विचारलं नाही की इथे उभं कोण राहणार. माझी उंची ५ फूट २ इंच, नवरा ६ फुटी. स्वयंपाक आम्ही दोघं करतो, भांडी बहुतेक तो घासतो, चिरणं-निवडणं आई बसून करतात. ओट्याची उंची मात्र सरसकट ८६ सेंमी धरलेली. ती ठरवायची रीत अगदी साधी आहे. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा करायचे. चिरायला ही उंची बरोबर बसते. शेगडीजवळ ओटा थोडा खाली चालतो, कारण भांड्याची स्वतःची उंची त्यात मिळते. सिंकजवळ थोडा वर लागतो, कारण हात तळाशी काम करत असतात.

आम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तकांच्या चळती रचल्या, वर फळी टाकली आणि दोन दिवस तिच्यावरच चिरलं. एकेक पुस्तक वाढवत, टेप लावत गेलो. मला ८६ ठीक वाटलं. नवऱ्याची पाठ ९८ ला सरळ झाली. हे सांगितल्यावर डिझायनरने अजिबात कुरकूर केली नाही. समोरच्या भिंतीला ८० सेंमी लांबीचा, ९८ उंचीचा वेगळा ओटा तिने काढून दिला. घरात आज सगळ्यात जास्त वापर त्याच तुकड्याचा होतो. सिंकचा हिशेब मात्र तिनेही केला नाही आणि मीही नाही. २२ सेंमी खोल सिंक ८६ च्या ओट्यात बसलं, म्हणजे तळ जमिनीपासून जेमतेम ६४ वर. नवरा कंबरेत वाकून भांडी घासतो तेव्हा मला रोज वाईट वाटतं.

आराखड्याबद्दल विचारलं की डिझायनर एकच उत्तर द्यायची: "मॅडम, त्रिकोण बरोबर आहे." सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा हा त्रिकोण १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या कामातून पुढे आला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत. नियम उपयोगी आहे, पण तो एकटं काम करणाऱ्या माणसासाठी बांधलेला आहे. त्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या घरांसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, तेही घड्याळ लावून, कामाच्या हालचाली आणि येरझाऱ्या मोजून. मला या बाईंबद्दल फार आदर आहे, कारण त्यांनी सुरुवात काम करणाऱ्या व्यक्तीपासून केली. पण तिथेही एका वेळी एकच जण मावत असे. आमच्यासारखी दोघं एकदम आत असतात तिथे दोन ओट्यांमधली वाट जास्त महत्त्वाची. एकासाठी साधारण १०७ सेंमी, दोघांसाठी १२२. आमच्या आराखड्यात ती ९५ होती. समोरच्या खालच्या कपाटांची खोली कमी करून आम्ही ती ११८ वर आणली. ड्रॉवर पूर्ण बाहेर असताना मागून माणूस जाऊ शकतो का, हे फरशीवर चिकटपट्टी लावून आधीच बघून घ्या. आम्ही पाहिलं म्हणून वाचलो.

आता मापांबद्दल. लेझरने माप घेतलं होतं एकाच उंचीवर आणि तेही टाइल्स लागण्याच्या आधी. टाइल आणि तिच्या खालचा मसाला मिळून प्रत्येक भिंतीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज जातो. समोरासमोरच्या दोन भिंती धरल्या की दोन-तीन सेंमी गेले. कपाटं बसवायला आलेल्या सुतारकाकांनी काहीही उघडायच्या आधी खिशातून ओळंबा काढला आणि कोपऱ्यात सोडला. दोरी वर भिंतीला टेकलेली, खाली लोळक आणि भिंत यांच्यात माझी करंगळी जात होती. त्यांनी पट्टी लावली: १४ मिलिमीटर. मग गुण्या लावून दाखवलं की कोपरा काटकोनात नाहीच. "भिंत कधी सरळ नसते, ताई. चित्रात असते," असं म्हणून त्यांनी त्या दिवशी एकही कपाट ठोकलं नाही. सगळी मापं तीन-तीन उंचींवर, कर्णांसकट पुन्हा घेतली आणि दोन कपाटं कारखान्यात परत पाठवली. पाच दिवस गेले. सुतारकामाचे पाच तारे या पाच दिवसांचे आहेत. तरीही फ्रिजचा कोनाडा चुकलाच. फ्रिज आत बसतो, पण बाजूच्या भिंतीमुळे दार ९० अंशांच्या पुढे जात नाही आणि खालचा खण पूर्ण ओढता येत नाही. नव्याने करणाऱ्यांनी फ्रिजची फक्त रुंदी देऊ नये, दार किती उघडावं लागतं तेही लिहून द्यावं.

चिमणीचं मात्र मला अजून वाईट वाटतं, कारण यंत्र चांगलं होतं आणि बसवण्यात वाया गेलं. यंत्राचं तोंड ६ इंची. भिंतीत जुनं भोक होतं ४ इंची. नवं भोक पाडण्याऐवजी फिटरने मध्ये एक कमी करणारा जोड टाकला, वर तीन वळणं आणि चुण्यांचा लवचीक पाइप. पाइप ६ वरून ४ इंचांवर आला की हवेला जायची जागा निम्म्याहूनही कमी होते, ४४ टक्के उरते. वळणं आणि चुण्या आणखी अडवतात. पहिल्या दिवशी पाणी उकळायला ठेवलं, चिमणी पूर्ण वेगावर, आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं, आणि वाफ शांतपणे पुढून निसटून वरच्या कपाटाच्या दारावर जमत होती. लॅमिनेटच्या कडेवर थेंब लटकलेले मी बोटाने पुसले. तीन वेळा तक्रार केल्यावर भोक मोठं केलं, कडक पाइप टाकला, एकच वळण ठेवलं. आता मधल्या वेगावरही वाफ उचलली जाते. आराखड्यात चिमणीचा पाइप कुठून कसा बाहेर जाणार, त्याचा व्यास किती, वळणं किती, हे रेघ मारून मागा. आमच्या आराखड्यात चिमणीच्या वर नुसती भिंत रंगवलेली होती.

साहित्यात त्यांनी फसवलं नाही, पण शब्द असे वापरतात की आपण स्वतः फसावं. "इंजिनिअर्ड वूड" या नावाखाली प्लाय, एमडीएफ आणि भुश्शाचा पार्टिकल बोर्ड सगळंच येतं. मी तिन्हींचे कापलेले तुकडे मागून घेतले आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी १८ मिमीचा पार्टिकल बोर्ड कडेला २१ झाला होता आणि नखाने भुसा निघत होता. प्लाय तसाच. सिंकखालच्या कपाटाला त्यांनी पार्टिकल बोर्डच धरला होता, तो बदलून घेतला. बाकीचं काम कडापट्टीवर, म्हणजे बोर्डाच्या कापलेल्या कडेवर चिकटवतात त्या पट्टीवर अवलंबून आहे. पट्टी नीट चिकटलेली असेल तर बोर्डही टिकतो.

ओट्यासाठी क्वार्ट्झ घेतला, म्हणजे क्वार्ट्झचा चुरा राळेत बांधून केलेला कृत्रिम दगड. कपाटं पक्की बसल्यावरच त्यांनी साचा काढला, आधी नाही, आणि तेच योग्य आहे. कापणी सगळी त्यांच्या कारखान्यात पाण्याखाली झाली. घरी फक्त नळाचं भोक, तेही पाणी सोडत आणि मास्क लावून. हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. अशा कृत्रिम दगडात बरेचदा नव्वद टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असतं, कोरडं कापलं की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच आणली. आज पुन्हा निवडायचं असतं तर मी ग्रॅनाइट घेतला असता, या एका कारणासाठी. शिवाय क्वार्ट्झमधल्या राळेला उष्णता सोसत नाही, गरम भांड्याखाली काहीतरी ठेवावंच लागतं.

वायरिंगवाल्याने उपकरणांची यादी मागितली, जड उपकरणांना वेगळ्या लाइन आणि वेगळे ब्रेकर दिले, विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं संरक्षण बसवलं. एक तारा कापला तो दिव्यांसाठी. छताच्या मध्यावर एकच दिवा काढला होता, त्यामुळे ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली सुरीवर पडायची. वरच्या कपाटांखाली पट्टीदिवे नंतर लावून घेतले. ते कपाटाच्या पुढच्या कडेला लावा, मागे भिंतीशी लावले तर टाइल्स उजळतात आणि ओटा अंधारात राहतो.

चार आठवडे सांगून सात लागले. करारात प्रत्येक बदल लेखी आणि शेवटचे १० टक्के पैसे काम पूर्ण झाल्यावरच, अशी अट आम्ही घातली होती. चिमणीसाठी ते तीनदा आले, त्यामागे हीच अट होती असं माझं मत आहे.

कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या दाराच्या मुठीला अडत होता. परवा सुतारकाका स्वतः आले, कपाट सोडवलं, मध्ये पाच सेंमीची पट्टी भरली आणि ड्रॉवर ओढून दाखवला. आता तो शेवटपर्यंत उघडतो. झाऱ्या-पळ्या आईंनी त्याच संध्याकाळी त्यात लावून टाकल्या.