पहिली रोड बाइक : नवी साधी की जुनी सरस?

पुण्यातील माझ्या भाच्याजवळ ३५,००० रुपये आहेत. तेवढ्यात नवी साधी रोड बाइक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) घ्यावी की मुळात महाग असलेली, पण वापरलेली घ्यावी, या पेचात तो आहे.

माझ्या मते पहिला निकष मापाचा. दुकानात ५२ आणि ५४ सेंटिमीटरच्या फ्रेमवर आळीपाळीने बसून पाहता येते. जुन्या बाजारात जे माप विकायला आले असेल तेच मिळते, आणि स्वस्ताईच्या मोहात माणूस चुकीचे माप पदरात पाडून घेतो. सीट खालीवर करता येते, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) १०-२० मिलिमीटरने आखूड बसवता येतो. परंतु फ्रेमच लांब असेल, तर मान आणि खांदे दुखत राहतात. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि ब्रेकच्या मुठी धरल्यावर कोपर ताठ नसावेत, एवढे तरी पाहावेच.

सुट्या भागांच्या दर्जात जुनी सरस ठरते. नवीवर मागे ७ किंवा ८ गिअर असतात. त्याच पैशांत जुन्या सायकलवर १० गिअरची टियाग्रा (शिमानो कंपनीचा वरच्या दर्जाचा गिअरसंच) मिळू शकते, आणि कात्रजच्या चढावर गिअरमधले लहान टप्पे फार उपयोगी पडतात.

टिकाऊपणा मात्र तपासूनच ठरतो. चेन झिजलेली असेल, तर बहुधा कॅसेटही (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) बदलावी लागते. फ्रेमच्या जोडापाशी केसाएवढी चीर दिसली, तर व्यवहार सोडावा. वॉरंटीही सहसा पहिल्या मालकापुरतीच असते.

ज्याला आपले माप अजून ठाऊक नाही, त्याने नवी घ्यावी, म्हणून भाच्याला मी तीच सुचवली. ज्याला माप पक्के माहीत आहे आणि सोबत जाणकार मिस्त्री आहे, त्याने जुनी घ्यावी.