मुरुमांसाठी आधी काय सोडावं : साखर की दूध?

मला विचाराल तर आधी साखर. गोड पेय, मैद्याचा पाव, बिस्किटं पोटात गेली की रक्तातली साखर झपकन चढते. मागोमाग इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हे शरीराच्या वाढीला चालना देणारं संप्रेरक वाढतं, तेलग्रंथी जोमात येतात, छिद्रं तुंबतात. याला प्रयोगाचा आधारही आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातली १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांपैकी ज्यांनी रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार घेतला, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले.

दुधाचं तसं नाही. दूध पिणाऱ्यांत, विशेषतः साय काढलेलं दूध पिणाऱ्यांत, मुरूम जास्त आढळतात खरे. पण हा निरीक्षणातला संबंध, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय दूध सोडलं की कॅल्शियमची सोय बघावी लागते. व्यायाम करणाऱ्या मुलाच्या पाठीवर अचानक फोड उठले, तर मात्र आधी व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, डबा बाजूला ठेवून बघा.

काहीही सोडा, १०-१२ आठवडे द्या. तुंबलेल्या छिद्राचा लाल फोड व्हायलाच कित्येक आठवडे लागतात. आणि मुरूम खोल, दुखरे, खड्डे पाडणारे असतील तर नुसत्या पथ्यावर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.